विषारी मातीतील गवत : एका वनस्पतिशास्त्रीय शोधाचा इतिहास

वेल्सच्या डोंगराळ प्रदेशात शिसे, जस्त व तांबे ह्यांच्या जुन्या खाणी पुष्कळ आहेत. खाणी बंद पडल्या. परंतु उपसून टाकलेल्या मातीत धातूंचा अंश इतका राहिला की, बहुतेक वनस्पती तेथे तग धरीत नाहीत. तरीही ॲग्रॉस्टिस टेन्युइस हे आसपासच्या कुरणांतील सामान्य गवत काही ढिगाऱ्यांवर उगवलेले आढळते. ते तेथे कसे जगते, हा प्रश्न वरवर लहान वाटला, तरी त्याच्या उत्तराने उत्क्रांतीच्या अभ्यासाला महत्त्वाचे प्रमाण मिळवून दिले.

शक्यता दोन होत्या. विषारी मातीत वाढता वाढता प्रत्येक रोपाच्या अंगी सहनशक्ती येत असेल, किंवा ती त्याला जन्मतःच लाभत असेल. केवळ खाणीवरील निरीक्षणाने ह्याचा निर्णय होण्याजोगा नव्हता. त्यासाठी इतर परिस्थिती समान ठेवून फक्त माती बदलणे अवश्य होते. आणि ही सोय कुंड्यांतील व हरितगृहातील प्रयोगांनीच होऊ शकते.

चेकोस्लोव्हाकियातील सिल्व्हेस्ट्र प्राट ह्यांनी १९३४ साली तांब्याच्या खाणीवरील एका वनस्पतीच्या बियांवर असा प्रयोग करून ही शक्ती आनुवंशिक असल्याचे सुचविले होते. १९५२ साली ॲलन ब्रॅडशॉ ह्यांनी गोगिनन येथील शिशाच्या खाणीवरील ॲग्रॉस्टिसची तुलना कुरणातील त्याच जातीच्या गवताशी केली. खाणीच्या मातीत खाणीवरील रोपे वाढली; कुरणातील रोपांना मात्र ती माती मानवली नाही. पुढे १९५७ साली विल्किन्स ह्यांनी धातुयुक्त व शुद्ध द्रावणांतील मुळांच्या वाढीची तुलना करून सहनशक्ती मोजण्याची रीत घालून दिली.

तथापि ही शक्ती मुळात आली कोठून, हे उरलेच होते. त्यासाठी सामान्य कुरणातील बी दूषित मातीत पेरण्यात आले. बहुतेक रोपे मेली; हजारांत मोजकीच वाचली, व त्यांच्या अंगी सहनशक्ती दिसून आली. म्हणजे विषाने ती निर्माण केली नव्हती. गवताच्या समूहात आधीपासून विरळ असलेले भेद तेवढे निवडले होते. १९७४ साली गार्टसाइड व मॅक्नीली ह्यांनी निरनिराळ्या जाती तपासल्या, तेव्हा खाणींवर न आढळणाऱ्या बहुतेक जातींच्या बियांतून अशी रोपे मिळाली नाहीत.

ह्या संशोधनाचा व्यावहारिक लाभही झाला. खाणींच्या उजाड ढिगाऱ्यांवर लावण्यासाठी ‘गोगिनन’, ‘पॅरिस’ व ‘मर्लिन’ हे सहनशील गवतांचे वाण तयार झाले. परंतु त्याचा खरा बोध अधिक गंभीर आहे. दूषित भूमीवर एक गवत हिरवे दिसले, म्हणून निसर्ग प्रत्येक विष पचवितो असे अनुमान काढता येत नाही. ज्या जातीत अनुकूल भेद नाही, तिला कितीही काळ मिळाला तरी निवडीला तेथे निवडण्याजोगे काही सापडत नाही. आणि जी झाडे तेथून नाहीशी झाली, त्यांची साक्ष हिरवळीत मिळत नसते.