डोंगर, विहीर आणि खारपाण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अचलपूरला पाहुणा आला की आम्ही त्याला हौजकटोरा दाखवतो. गोल तलाव आणि मधोमध अष्टकोनी मनोरा. बहामनी काळातले हे काम पाहून पाहुणा विचारतो, 'बांधले कुणी?' मला दुसराच प्रश्न पडतो : पाणी येते कुठून?

उत्तरासाठी गाविलगडाकडे पाहावे. अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. माथ्यावर नदी नाही. म्हणून पठाराचा उतार हेरून मछली तलाव, देव तलाव अशी तळी केली. तटाइतकीच काळजी पावसाच्या पाण्याची घेतलेली दिसते. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले; तळी मात्र राहिली.

मेळघाटातून सापन, बिच्छन, चंद्रभागा खाली उतरतात. पायथ्याशी दगडगोटे आणि रेतीचा पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला 'बझाडा' म्हणतात. इथे पाणी भराभर मुरते. दक्षिणेला पूर्णेच्या गाळात खारपाण पट्टा लागतो. तिथले विहिरीचे पाणी पिववत नाही आणि ओलिताला दिले तर काळी जमीन बिघडते. म्हणून तर डोंगरालगतच्या शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने दर्यापूरकडे न्यावे लागले.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी संत्र्याच्या बागेसाठी मीही खोल बोअर घेतली. पाणी लागले, पेढे वाटले. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांची विहीर आटली. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुमाले पानी लागलं, आमचं गेलं बापा!"

माझी बोअर यशस्वी होती, पण हिशेब चुकला होता. मी फक्त माझे शेत मोजले. जमिनीखालच्या पाण्याला धुरा नसतो. अभियंते ज्याला 'सिस्टिम्स थिंकिंग' म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या विहिरीच्या काठावर कळला. धरण असो, रस्ता असो की बोअर, वरचा डोंगर आणि खालचे गाव नकाशात आलेच पाहिजे.

पुढे आम्ही दोघांनी मिळून नाल्यावर बांध घातला, काही झाडे कमी केली, बोअरला पाळी लावली. विहीर पूर्वीसारखी झाली नाही. पण पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी दिसते. नवी योजना आखताना कुणी विचारावे, 'याने कुणाची विहीर आटेल?' हा प्रश्न कागदावर पहिला यावा, एवढेच मागणे.