एका जागेचे अंतर

२५ जानेवारी २००६ रोजी झालेल्या पॅलेस्टिनी विधिमंडळाच्या निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा हमासने जिंकल्या. फताहला ४५ मिळाल्या. या निकालाला ‘लाट’ म्हणण्याचा मोह होतो. आम्हांला मात्र हा शब्द घाईचा वाटतो.

निम्म्या, म्हणजे ६६ जागा पक्षयाद्यांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या. तेथे हमासला २९, फताहला २८. अंतर एका जागेचे! उरलेल्या ६६ जागा १६ जिल्ह्यांत विभागलेल्या होत्या आणि जिल्ह्यात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराच्या हाती होती. अशा पद्धतीत शिस्तीला फळ मिळते. हमासची मते एकवटली. फताहच्या अधिकृत उमेदवारांशेजारी मात्र त्याच पक्षातले नाराज अपक्ष उभे राहिले आणि मते फुटली. येथला हिशेब ४५ विरुद्ध १७.

ही दुही वरपासूनच होती. डिसेंबर २००५ मध्ये तुरुंगातील मारवान बर्घूती यांना अग्रस्थानी ठेवून तरुण गटाने ‘अल-मुस्तक्बल’, म्हणजे ‘भविष्य’, ही वेगळी यादी दाखल केली होती. ती पुढे मूळ यादीत विलीन झाली. मने जुळली असे म्हणवत नाही.

शब्दांच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. हमासच्या यादीचे नाव ‘बदल आणि सुधारणा’ असे होते. फताहच्या भ्रष्टाचाराला विटलेल्या मतदाराला मत देण्यासाठी मुक्तीच्या मार्गाविषयीचा वाद आधी मिटवावा लागत नव्हता.

जून २००७ मध्ये दोन्ही पक्ष गाझात शस्त्रांनिशी भिडले. २०१८ मध्ये विधिमंडळ विसर्जित झाले. मे २०२१ साठी जाहीर झालेली निवडणूकही पुढे ढकलली गेली.