तळटीप : ‘मूठभर जर्दा’

१. मूळ मजकुरातला हा जर्दा पाइपमध्ये भरायच्या व्हर्जिनिया तंबाखूचा नव्हे. व्हर्जिनियाचं पान म्हैसूरच्या बाजूला, हुणसूर-पिरियापट्टणकडे, भट्टीच्या उबेवर सुकवतात. त्यात साखर टिकते, रंग लिंबासारखा पिवळा येतो, धूर गोडसर, सौम्य लागतो. इथला जर्दा निपाणीचा, आणि निपाणीचं पान विडीचं. शेंडा खुडून झाडाचा जोर पानांत उतरवतात आणि कापणीनंतर पान रानातच उन्हात वाळवतात. बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या भातपट्ट्यातल्या वाचकाला हे ठाऊक असेलच असं नाही. पारख सगळी हाताची. व्यापारी तंबाखूच्या बोदात (पोत्यात) हात घालून मूठभर जर्दा काढतो, तळव्यावर पसरतो, पानावरचे तांबूस ठिपके उजेडात बघतो, चुरगाळून वास घेतो. ठिपका दाट, तर माल कडक. याच मुठीवरून भाव ठरे, आणि तो ठरवणं शेतकऱ्याच्या हाती नसे. मला इथे हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले ते या भावासाठीच. ६ एप्रिलला तिथे पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्या परिच्छेदातला ‘रस्त्यावरचा मुक्काम’ तो हाच.