पाडव्याच्या संध्याकाळी लाडबोरीत

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात संध्याकाळी गावजेवणाची तयारी चालली होती. त्या तयारीत आभाळातून धातूची एक मोठी रिंग येऊन पडली. ती तिथवर कशी पोचली, याचा हा घटनाक्रम.

चौदा महिने आधी

फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनच्या शिचांग तळावरून लाँग मार्च ३बी जातीचं रॉकेट सुटलं. त्याचा तिसरा टप्पा म्हणजे सुमारे तीन मीटर व्यासाचं आणि बारा मीटर लांबीचं नळकांडं. पोटात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. भरलेला असताना वजन वीस टनांच्या वर, रिकामा झाला की तीन टनांच्या आसपास. म्हणजे जे काही उडालं त्यात इंधनच बहुतेक, धातू नावापुरता.

वर न्यायचा एकेक किलो महाग पडतो, म्हणून टाकीची भिंत होईल तितकी पातळ ठेवतात. पातळ भिंत आतला दाब छान पेलते, पण बाहेरून दाबली किंवा लांबीच्या दिशेने रेटली की मुडपते. म्हणून तिला ठरावीक ठिकाणी जाड कडी घालतात. हे तंत्र फक्त रॉकेटचं नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या चार किलोमीटर लांब निर्वात नळ्यांची पोलादी भिंत जेमतेम तीन मिलिमीटरची आहे. हवेच्या दाबाने ती चेपू नये म्हणून तिलाही बाहेरून कडी आहेत, आणि तापमानाबरोबर नळी लांब-आखूड होते म्हणून मधे लवचीक सांधे. लायगोच्या नळीला सांधे देता येतात, कारण ती जागची हलत नाही. रॉकेटच्या टप्प्याला ती चैन परवडत नाही.

उपग्रह सोडून झाल्यावर हा टप्पा लांबट कक्षेत तसाच फिरत राहिला. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना विरळ हवेला घासायचा, थोडा वेग गमवायचा, आणि कक्षेचं दूरचं टोक थोडं खाली यायचं. त्याला हुकूम देणारं आता कोणी नव्हतं.

२ एप्रिल, दिवसभर

हा टप्पा आज पडणार, याचा अंदाज अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्यांना होता. कुठे पडणार, हे मात्र शेवटच्या तासापर्यंत सांगता येत नाही. वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलते आणि गोते खाणारा टप्पा कधी आडवा तर कधी उभा हवेला भिडतो. वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटर. एका मिनिटाची चूक झाली की जागा सुमारे ४६५ किलोमीटरने सरकते. अर्धा-पाऊण मिनिट आधी टप्पा फुटला असता, तर त्याचे तुकडे चंद्रपुराऐवजी वऱ्हाडात, वाशीम किंवा हिंगोलीच्या उत्तरेकडच्या मुलखात कुठेतरी विखुरले असते.

संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं

न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब कंपनीचं इलेक्ट्रॉन रॉकेट ब्लॅकस्कायचे उपग्रह घेऊन उडालं. आपल्या गोष्टीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण दोनेक तासांनी महाराष्ट्रात जो गोंधळ उडाला त्याचं बीज इथे आहे: आज उडालेलं रॉकेट एकच, तेव्हा पडलेलं तेच असणार, असा तर्क काहींनी केला. जे वर गेलं तेच खाली आलं असं समजणं सोपं, पण तुकडा आजच्या उड्डाणाचा असावा लागत नाही.

याच सुमारास लाँग मार्चचा टप्पा शेवटच्या फेरीत शिरत असावा. इतक्या खालच्या कक्षेत फेरी साधारण दीड तासाची.

साडेसात

पाडव्याची प्रतिपदा, त्यामुळे चंद्राचा उजेड नाही. सूर्य मावळून तासभर झाला होता.

या वेळेशी आणखी एक शनिवार जोडलेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी अमेरिकेचं कोलंबिया यान वातावरणाच्या वेशीवर आलं, आणि साडेसातच्या ठोक्याला टेक्सासवर फुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा पाऊण किलोचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळून भोक पडलं होतं. परत येताना त्या भोकातून तापलेला वायू आत घुसला. यानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, आणि तो १७७ अंश सेल्सियसच्या आत राहील असा हिशेब धरलेला. पंख वितळून जाण्याआधीच त्याचा ताठपणा गेला, आणि ताठपणा गेलेल्या पंखाला हवेने मोडलं.

लोक समजतात की यान जळतं. खरं तर ते आधी मोडतं. उन्हात तापलेला पत्रा कडकड करत फुगतो, कारण पातळ धातू सगळीकडे सारखा तापत नाही. हवेकडची बाजू पसरू पाहते, थंड बाजू तिला धरून ठेवते, आणि या ओढाताणीत भिंतीला सुरकुत्या पडतात. सुरकुतलेली भिंत भार घेत नाही. त्यातच फ्लटरचा धोका: वेगाने जाणारी हवा पातळ पत्र्याला हलवते, हललेला पत्रा हवेची दिशा बदलतो, आणि एका वेगापुढे प्रत्येक हेलकावा हवेतून आणखी ऊर्जा ओढून घेतो. तापून दबलेल्या पत्र्यात हा वेग खाली येतो, म्हणजे फडफड लवकर सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची व्ही-२ रॉकेटं लक्ष्यावर पोचण्याआधीच आभाळात फुटत. शेवटी त्यांच्या पुढच्या भागाला पत्र्याचं वेष्टण चढवून ती सावरावी लागली. अर्थात लाँग मार्चच्या टप्प्याचा मारेकरी मुख्यतः उष्णताच, कारण ऐंशी किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की फ्लटरला पुरेसा जोर मिळत नाही.

पावणेआठ

जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर, तिकडे मध्य प्रदेशात झाबुआ, बडवानी: आभाळात एकामागून एक जळते गोळे ओळीने सरकताना लोकांनी पाहिले. उल्का क्षणात विझते. ही ओळ सावकाश गेली, मोबाइल काढून चित्रफीत घेण्याइतकी सावकाश. कुणी उल्कावर्षाव म्हटलं, कुणी विमान पडलं म्हटलं.

वर जे चाललं होतं ते असं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या मिश्रधातूंची ताकद त्याच्या कितीतरी आधी, दोन-तीनशे अंशांतच ढासळते. टाक्या सुरकुतल्या, फाटल्या, नळकांड्याचे तुकडे झाले. तुकडा झाला की प्रत्येकाचं नशीब वेगळं. पातळ पत्रा जळून गेला. जाड कडी, इंजिनाचे भाग, आणि दाबाखालचा वायू साठवणारे गोल बाटले वाचले. पोकळ गोळा हलका असल्यामुळे वरच वेग गमावतो, आणि वेग गेला की तापणं थांबतं. मोठ्या वस्तूच्या वजनातला २० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत येतो, असा आजवरचा अनुभव आहे.

त्यानंतरची काही मिनिटं

लाडबोरीत आभाळ लाल झालं आणि मोकळ्या जागेत धाडकन काहीतरी आदळलं. स्फोट होईल या भीतीने माणसं घरात पळाली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीत. बाहेर आल्यावर दिसली ती तीन मीटरच्या आसपास व्यासाची धातूची रिंग. नळकांड्याचा व्यासही तेवढाच. पातळ भिंतीला आधार म्हणून घातलेलं कडं भिंत नाहीशी झाल्यावर एकटंच उतरलं होतं.

कुणाला खरचटलंही नाही. ज्या गावात त्या घटकेला जेवणासाठी माणसं जमत होती, तिथे ही रिंग मोकळ्या जागेत पडली, यात कुणाच्याही नियोजनाचा भाग नव्हता.

रात्र, आणि पुढचे दिवस

रिंग सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात गेली. पवनपार गावाजवळ धातूचा गोळा सापडला, मग आसपास आणखी काही. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी त्याच रात्री मार्ग जुळवून सांगितलं की हा लाँग मार्च ३बीचा तिसरा टप्पा. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे पाहून गेले.

चाळीस दिवसांनी, १२ मे रोजी, गुजरातच्या आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज, रामपुरा या गावांत असेच गोळे पडले.

चीनवर राग काढणं सोपं आहे आणि तो काढलाही पाहिजे. थोडं इंधन राखून टप्पा निर्जन समुद्रात उतरवता येतो, हे तंत्र जगाला ठाऊक आहे. पण जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ज्युरियन बेजवळच्या किनाऱ्यावर जे मोठं नळकांडं लागलं, ते आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचं निघालं. १९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं, तर ती सोडणारा देश पूर्ण जबाबदार असतो, चूक सिद्ध करावी लागत नाही. कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह १९७८ मध्ये कॅनडावर पडला तेव्हा कॅनडाने साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि तीस लाख मिळाले. लाडबोरीत मागण्यासारखं नुकसान झालं नाही, एवढंच.

तेव्हा शेतात किंवा गावाकडेला असं काही सापडलं तर हात लावू नका, भंगारात देण्याचा विचारही करू नका. रॉकेटच्या काही टप्प्यांत दिशा वळवण्यासाठी हायड्रॅझिन वापरतात, आणि ते विषारी असतं. गोळ्यात दाब शिल्लक असू शकतो. मुलांना लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा, आणि पोलीस पाटलांना किंवा तहसीलला लगेच कळवा.