पेटीवरचं नाव आणि पेटीतला खेळ

ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला. लष्करातल्या आम्हा मराठी घरांना हिवाळा म्हटलं की मेळाच आठवतो. स्वेटर घालायचे, सगळ्यांनी मिळून जायचं, पापड खायचे, काचेच्या बरण्या घ्यायच्या आणि मुलांच्या हट्टाला पुरे पडायचं. नव्वदच्या दशकातल्या अशाच एका हिवाळ्यात माझा दहा वर्षांचा मुलगा एका दुकानापुढे जो उभा राहिला तो हलेचना. दुकानदाराने व्हिडिओ गेमची तीन खोकी मांडली होती. एकावर मोटार, दुसऱ्यावर पहिलवान, तिसऱ्यावर तलवारवाला योद्धा. तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, भावही वेगळे. घासाघीस करून साडेसहाशेला मोटारवालं खोकं घेतलं. कॅसेटवर छापलं होतं, नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ!

घरी मोजले तर खेळ जेमतेम सहा. तेच पुन्हा पुन्हा, नुसते आकडे बदलून. शेजारच्या मुलाने पहिलवानवालं खोकं घेतलं होतं. त्याची कॅसेट आमच्या यंत्रात घातली, तर झकास चालली. म्हणजे आत सगळं एकच होतं. फसलो म्हणून मी चिडले, पण मनात एक प्रश्न राहिला तो राहिलाच. खरे कंपनीवाले तरी एकमेकांपासून वेगळे कसे ठरत असतील? पुढे मुलगा या धंद्यात शिरला, तेव्हा त्याच्याकडून ऐकत, वाचत गेले.

आमच्या खोक्यात ज्याची नक्कल होती, ते यंत्र निंतेंडोचं. ही कंपनी मूळची क्योतोची, १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघालेली. आपल्या सावंतवाडीला गंजिफा हाताने रंगवतात ना, तसेच तिकडे फुलांच्या चित्रांचे पत्ते. १९८३ साली तिने जपानात खेळाचं यंत्र काढलं. त्याच वर्षी अमेरिकेत हा धंदा कोसळला होता. कोणीही उठावं आणि रद्दी खेळ बाजारात आणावेत, असं झालं होतं. लोक विटले, दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढू देईनात. म्हणून १९८५ साली तिथे जाताना निंतेंडोने यंत्रासोबत एक छोटा रोबो ठेवला. हे तर खेळणं आहे, असं दाखवायला! आत मात्र एक कुलूप बसवलं. त्या कुलपाची किल्ली असलेली, म्हणजे कंपनीने परवाना दिलेली कॅसेटच चालायची. खोक्यावर दर्जाची सोनेरी मोहोर. आमच्या खेळात भेसळ नाही, हे तिचं वेगळेपण. आपल्याकडे हे यंत्र 'सामुराई' नावाने आलं, पण गावोगाव पोचल्या त्या नकलाच.

मग आली सेगा. तिने उलटी चाल खेळली. निंतेंडो लहानग्यांचं, आम्ही थोरल्या पोरांचे. आमचं यंत्र जास्त ताकदीचं, आमचा निळा सोनिक वाऱ्यासारखा धावतो. जाहिरातीत थेट निंतेंडोचं नाव घेऊन टोमणे. भारतात १९९५ साली सेगाने शॉ वॉलेसशी करार केला. ही कंपनी आपल्याला मद्यासाठी माहीत. एका यंत्राची किंमत १८,००० रुपये! तेवढ्यात आमचा कितीतरी महिन्यांचा किराणा आला असता.

पण मला थबकवलं ते १९९३ सालच्या प्रकरणाने. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ त्या सप्टेंबरात दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. निंतेंडोने रक्त काढून टाकलं, ठोसा बसला की करडा घाम उडे. सेगाच्या यंत्रावर बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की लाल रक्त दिसे. सेगाचा खेळ जास्त खपला. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि १९९४ साली खेळांना वयोमानाप्रमाणे शिक्के देणारी संस्था उभी राहिली. त्याच वर्षी दुसरा भाग आला, तेव्हा निंतेंडोनेही रक्त राहू दिलं.

बायांनो, मी जैनाघरची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढ्याशा लाल रंगावर दुकान चालतं? पण नंतर वाटलं, घाम दाखवला म्हणून ठोसा थोडाच चुकला? मारणं तेच, फक्त रंग पुसला.

आणि हे म्हणताना मला आमचंच घर आठवलं. 'आमच्याकडे मारामारीचे खेळ चालत नाहीत,' असं मी चारचौघींत अभिमानाने सांगत असे. ती आमच्या घराची मोहोरच म्हणा ना. दशलक्षण पर्वात तर यंत्र कपाटात बंद. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. मुलगा माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "आई, मी खोटं बोललो. अभ्यासाला म्हणून शेजारी जातो, ते मारामारीचाच खेळ खेळतो."

मला राग आला, रडूही आलं. सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू कधी त्याच्या शेजारी बसून बघितलंस का, तो काय खेळतो ते?" नव्हतं बघितलं. नुसती बंदीची चिठ्ठी लावली होती. त्या दिवशी मीही त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा तास त्याच्याशेजारी बसू लागले. हरले की तो खो खो हसे. मारामारीच्या खेळांवरही बोललो. हळूहळू त्यालाच त्यांचा कंटाळा आला.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. सोनी आधी निंतेंडोसाठीच सीडीचं यंत्र करत होती. १९९१ साली निंतेंडोने ऐनवेळी दुसऱ्या कंपनीचा हात धरला. सोनीने मग स्वतःचं प्लेस्टेशन काढलं, डिसेंबर १९९४ मध्ये. पुढच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रदर्शनात सेगाने आपल्या नव्या यंत्राची किंमत ३९९ डॉलर सांगितली. सोनीचा माणूस मंचावर आला, नुसतं "२९९" म्हणाला आणि खाली बसला. १०० डॉलरचं वेगळेपण! २००१ साली सेगाने यंत्रं बनवणं सोडलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्स घेऊन उतरली.

मग ताकदीची शर्यत लागली. निंतेंडो मात्र २००६ साली त्या शर्यतीतून बाजूला झाली. तिच्या वी या यंत्राची चित्रं इतरांपेक्षा साधी, किंमत २५० डॉलर, आणि हातातली कांडी हलवली की पडद्यावरचा चेंडू हले. इतर कंपन्या जुन्याच खेळाडूंसाठी भांडत होत्या. हिने आजवर न खेळणाऱ्यांना बोलावलं. अशी १० कोटींहून जास्त यंत्रं खपली.

पुतण्याने अमेरिकेहून ते आणलं, तेव्हा सासूबाई ऐंशीच्या पुढे होत्या. पदर खोचून त्यांनी चेंडू टाकला. सगळ्या बाटल्या आडव्या! "यात कुणाला लागलं नाही ना?" असं विचारून त्यांनी पुन्हा हात उचलला.

आमच्या गोपाचलावर डोंगरात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. चेहऱ्यांवरची शांती सगळीकडे तीच. ओळखायचं ते खालच्या लांछनावरून, वृषभ असेल तर आदिनाथ, सिंह असेल तर महावीर. वेगळी खूण असायला हरकत नाही, ओळखीपुरती ती हवीच. पण दर्शनाला आपण जातो ते त्या शांतीसाठी.

आता नातू नवं यंत्र मागतो आहे. नाव, किंमत सगळं त्याला पाठ आहे. मी एवढंच विचारलं, "याच्यावर दोघांना खेळता येतं का रे?"