दोन विजयांमधली वर्षे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभी राहतात. केळवे-माहीमच्या परिसरात तर ते स्वाभाविकच आहे. इथल्या किनाऱ्यावरचे पोर्तुगीज कोट १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजांनी घेतले, ही गोष्ट येथल्या मुलांना शाळेत जाण्याच्या आधीच ठाऊक झालेली असते. परंतु माणसाच्या झुंजीचा इतिहास केवळ रणांगणावर घडत नाही. चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशा एका चौकटीतही तो घडतो. आज त्या चौकटीतला एक माणूस मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याचे नाव नंदू नाटेकर.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडातल्या एका सरदाराच्या वाड्याचे. परंतु या खेळाला नियमांचे वळण लागले ते बरेचसे आपल्या पुण्यात. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत असत, आणि म्हणूनच आरंभी त्याला ‘पूना’ असेही नाव होते. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. म्हणजे आपण ज्या परंपरेने आज येथे जमलो आहोत ती परंपरा आणि हा खेळ, दोघेही एकाच शहरात, एकाच सुमारास बाळसे धरीत होते. फरक एवढाच की व्याख्यान झाडाखालीही होऊ शकते, पण बॅडमिंटनला वारा सोसत नाही. सोळा पिसांचे ते फूल जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे. आपल्या सुरूच्या बनातून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर ते कुणाच्या अंगणात जाऊन पडेल याचा नेम नाही. म्हणून हा खेळ भिंतींच्या आत शिरला, आणि बंद दालन परवडणाऱ्यांच्या हाती बरीच वर्षे राहिला.

महाराष्ट्रात मात्र तो लवकरच मध्यमवर्गाच्या घरात आला. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुमन आणि सुंदर या तिघी मुलींनी १९४० नंतरच्या दशकात महिलांचे बॅडमिंटन गाजविले. सख्ख्या बहिणी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहत, एकमेकींना हरवीत, आणि सामना संपल्यावर एकाच घरी जात. स्पर्धा आणि वैर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत हे सिद्ध करावयास याहून वेगळा पुरावा नको.

अशा या महाराष्ट्रात १२ मे १९३३ रोजी सांगलीस नंदू नाटेकरांचा जन्म झाला. त्यांच्या यशाची सुरुवात झाली ती एका पराभवाने, आणि तो पराभवही बॅडमिंटनमधला नव्हता! तरुणपणी ते टेनिस खेळत आणि चांगले खेळत. १९५१-५२ च्या सुमारास कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तेथे त्यांची गाठ पडली रामनाथन कृष्णन या मुलाशी. वयाने तो नाटेकरांहून चार वर्षांनी लहान होता. नाटेकर हरले. पुढे याच कृष्णनने १९५४ साली विंबल्डनची कनिष्ठ स्पर्धा जिंकली आणि १९६० व १९६१ अशी दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीत धडक मारली. अर्थात हे भविष्य त्या दिवशी कोणास दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त निकाल.

नाटेकरांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटनची रॅकेट हाती घेतली. येथे कोणी विचारील की, ज्याच्या चिकाटीचे गोडवे गावयाचे त्याने पहिल्याच मोठ्या ठेचेला मैदान बदलावे, हे कसे? प्रश्न रास्त आहे. पण चिकाटी आणि हट्ट यांत अंतर आहे. हट्टी माणूस वाटेला चिकटून राहतो, चिकाटीचा माणूस चालण्याला. नाटेकरांनी वाट बदलली, चालणे सोडले नाही. टेनिसने दिलेली नजर, मनगट आणि पायांची चपळाई त्यांनी बरोबर आणली, आणि दोन वर्षांच्या आत, म्हणजे १९५३ साली, ते भारताचे राष्ट्रीय विजेते झाले. १९५४ साली पुन्हा झाले. त्याच वर्षी इंग्लंडातल्या ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. वयाची एकविशीही तेव्हा पुरती उलटली नव्हती.

आता त्यांच्या राष्ट्रीय एकेरी विजयांची यादी मी आपणास वाचून दाखवितो. १९५३, १९५४, १९५८, १९६०, १९६१ आणि १९६५. एकूण सहा. वर्तमानपत्रात अशी यादी आली म्हणजे आपण आकडे मोजतो आणि पान उलटतो. माझी विनंती अशी की, आज आपण या यादीतल्या आकड्यांऐवजी त्यांमधल्या मोकळ्या जागा वाचाव्यात. १९५४ आणि १९५८ यांच्यामध्ये तीन वर्षे आहेत. १९६१ आणि १९६५ यांच्यामध्ये पुन्हा तीन वर्षे आहेत. विजेता ज्या वर्षी जिंकतो त्या वर्षी तो काय करतो हे सर्वांस ठाऊक असते. ज्या वर्षी किताब दुसऱ्याच्या घरी असतो त्या वर्षी तो काय करतो, यावर त्याचे मोल ठरते.

पहिल्या मोकळ्या जागेत त्रिलोकनाथ सेठ यांच्यासारखे कसलेले प्रतिस्पर्धी उभे आहेत. ओळीने दोनदा मिळालेला किताब हातून निघून गेला होता. अशा वेळी मनुष्याला दोन मोह होतात. एक, दैवाला बोल लावण्याचा, आणि दुसरा, प्रतिस्पर्ध्याचा द्वेष करण्याचा. पण या खेळाची रचनाच अशी की द्वेषाला तेथे फारसा वाव नसे. घरच्या स्पर्धेत समोरासमोर ठाकलेले सेठ आणि नाटेकर थॉमस चषकाच्या सामन्यांत एकाच संघातून, एकाच देशासाठी खेळत. १९५५ साली सिंगापूरला भारताच्या संघाने अमेरिकेला नमविले आणि पुढे डेन्मार्ककडून हार पत्करली. त्या संघाचे बळ कशात होते? घरी एकमेकांस घाम फोडणारे गडी त्यात होते, यात. सेठ नसते तर नाटेकरांना भारतात कोणी जागे ठेवले नसते.

आणि मग १९५६ साल उजाडले. त्या वर्षी राष्ट्रीय एकेरीचा किताब नाटेकरांकडे नव्हता. तरीही त्याच वर्षी मलायातील कुआलालंपूर येथे सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद त्यांनी पटकाविले. परदेशात बॅडमिंटनचे आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. मलाया म्हणजे त्या काळची या खेळाची पंढरी. १९४९ साली पहिला थॉमस चषक मलायाने जिंकला होता आणि १९५५ पर्यंत तो सोडला नव्हता. वाँग पेंग सून आणि एडी चूंग यांच्यासारखे दिग्गज त्याच मातीतले. तेथे जाऊन, घरचा किताब नसताना, एका मराठी तरुणाने विजय मिळवावा, याचा अर्थ आपण ध्यानात घेतला पाहिजे. यादीतली मोकळी जागा मोकळी नव्हतीच. तेथे काम चालू होते.

हे काम किती जिकिरीचे होते याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला येणे कठीण. २००६ पासून प्रत्येक फेरीला कोणाला ना कोणाला गुण मिळतोच. नाटेकरांच्या काळी ज्याच्याकडे सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. प्रतिस्पर्ध्याची फेरी आपण जिंकली तर आपल्याला गुण मिळत नसे, नुसता गुण मिळविण्याचा अधिकार मिळे. त्यामुळे दोन तुल्यबळ खेळाडू भिडले म्हणजे फूल इकडून तिकडे पन्नास वेळा जाई, दोघांचे सदरे घामाने चिंब होत, आणि गुणफलक मात्र जागचा हलत नसे. श्रम दिसत, पण फळ दिसत नसे. अशा वेळी पुढच्या सर्व्हिसची वाट पाहणे, हीच खरी तपश्चर्या. नाटेकरांचा बॅकहँड, जाळीजवळचे त्यांचे नाजूक मनगट आणि कोर्टावरचा त्यांचा डौल यांची जाणकारांनी वाखाणणी केली आहे. तो डौल अशा न दिसणाऱ्या श्रमांवर उभा होता.

१९५८ साली किताब परत आला. १९६० आणि १९६१ साली पुन्हा आला. १९६१ साली भारत सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले, आणि बॅडमिंटनचा पहिला अर्जुन पुरस्कार नाटेकरांना मिळाला. त्याच वर्षी टेनिसचा अर्जुन पुरस्कार कोणाला मिळाला? रामनाथन कृष्णनला! दहा वर्षांपूर्वी एकाच अंतिम सामन्यात जाळीच्या दोन बाजूंना उभे राहिलेले दोघे मुलगे आता एकाच यादीत आपापल्या खेळाचे मानकरी म्हणून आले. तो जुना पराभव कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, हे आता आपणच ठरवा.

दुसरी मोकळी जागा अधिक अवघड होती, कारण तेथे काळ स्वतः प्रतिस्पर्धी म्हणून उभा होता. सुरेश गोयल हा तरुण नाटेकरांहून सुमारे दहा वर्षांनी लहान. १९६२ साली आणि पुन्हा १९६४ साली राष्ट्रीय किताब त्याने जिंकला. पाठोपाठ दिनेश खन्ना पुढे येत होते, ज्यांनी १९६५ साली लखनौला आशियाई अजिंक्यपद मिळविले. तिशीच्या खेळाडूने सन्मानाने बाजूला व्हावे असा तो समय होता. नाटेकर मात्र १९६२ साली बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत दुहेरीत विजयी झाले, १९६३ साली तेथेच एकेरीत विजयी झाले, आणि १९६५ साली भारताचा राष्ट्रीय एकेरी किताब त्यांनी सहाव्यांदा जिंकला. पहिला किताब आणि हा, यांमध्ये बारा वर्षे गेली होती.

थॉमस चषकात त्यांनी सोळा एकेरी सामन्यांपैकी बारा जिंकले, आणि दुहेरीच्या सोळांपैकी आठ. संघाचे नेतृत्वही केले. दुहेरीचे निम्मे सामने ते हरले, हेही मी मुद्दाम सांगतो. थोर माणसाच्या चरित्रातून पराभव गाळले की उरते ती आरती, इतिहास नव्हे.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. चिकाटी असली की सर्व काही साधते, असा उपदेश मी करणार नाही. लाहोरचे प्रकाशनाथ १९४७ साली ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले. तिथवर जाणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांची गाठ आपल्याच देशबंधूशी, देविंदर मोहन यांच्याशी पडत होती, तेव्हा दोघांनी न खेळता नाणे उडवून निर्णय केला. अंतिम सामन्यात स्वीडनच्या येपसेनने प्रकाशनाथांना हरविले. त्याच वर्षी फाळणी झाली, लाहोरचे घरदार सुटले, आणि त्यांचा खेळही सुटला. त्यांच्यात जिद्द कमी होती काय? मुळीच नाही. जिद्दीला पुन्हा उभे राहावयास पायाखाली थोडी जमीन लागते. ती नाटेकरांना लाभली, प्रकाशनाथांना लाभली नाही. विजेत्याचा गौरव करताना ज्याला दुसरी संधीच मिळाली नाही त्याची आठवण ठेवणे, हे इतिहासाचे कर्तव्य आहे. म्हणूनच गावोगावी तालमी, मैदाने आणि छपराखालची कोर्टे हवीत. संधीची जमीन समाजानेच तयार करावयाची असते.

नाटेकरांमागे वाट थांबली नाही. प्रकाश पदुकोणने १९७१ पासून १९७९ पर्यंत ओळीने नऊ वेळा राष्ट्रीय किताब जिंकला आणि १९८० साली ऑल इंग्लंडही जिंकली. नाटेकरांचे चिरंजीव गौरव यांनी वडिलांनी सोडलेले टेनिस उचलले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, नंदू नाटेकर निवर्तले.

आपल्यापैकी ज्यांनी पानवेलीची वाडी राखली आहे त्यांना एक गोष्ट मी सांगावयास नको. वेल उंच चढली की तिला उतरवावी लागते आणि तिचा भाग पुन्हा मातीत दाबावा लागतो. पाहणाऱ्या पाहुण्याला वाटते, हिरवीगार वेल यांनी खाली का पाडली? वाडीवाल्याला ठाऊक असते की पुढची पाने त्या मातीतूनच यावयाची आहेत. नाटेकरांना दोन वेळा असे उतरावे लागले. सेठ आणि गोयल यांनी त्यांना उतरविले, आणि त्यांच्यामुळेच ते पुन्हा फुटले. आपल्या मुलांना परीक्षेत, मैदानात किंवा धंद्यात कोणी मागे टाकले, तर त्या पुढे गेलेल्याचे नाव घरात आदराने घ्या, आणि पुढच्या तीन वर्षांत काय करावयाचे एवढेच मुलाला विचारा.