इलेक्ट्रोलाइटचा पंचनामा

साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूटमधून किंवा सांगलीच्या विलिंग्डनमधून विज्ञान शिकून कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात संशोधनाला गेलेल्या पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘एक्सपीएसला सँपल पाठवलंय.’ क्ष-किरणांनी पदार्थाचा पृष्ठभाग तपासणाऱ्या या तंत्राचं, एक्सपीएसचं, कूळ स्वीडनचं, आणि तेही एकाच घराण्यातलं.

मान्ने सीगबान यांना क्ष-किरणांच्या वर्णपटावरच्या कामासाठी १९२४ चं नोबेल मिळालं. त्यांचा मुलगा काई सीगबान यानं उप्सालात क्ष-किरणांऐवजी, त्यांच्या माऱ्यानं पदार्थातून उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायला घेतली. तत्त्व जुनंच, हर्ट्झनं १८८७ मध्ये पाहिलेलं, आइन्स्टाइननं १९०५ मध्ये उलगडलेलं. पण काटेकोर मोजणी जमली ती १९५४ मध्ये, साध्या मिठावर. खरी गंमत १९६४ ची. फोटोवाले वापरतात त्या हायपोमध्ये गंधकाचे दोन अणू असतात. एक ऑक्सिजनच्या गराड्यात, दुसरा त्याला बाहेरून जोडलेला. वर्णपटात गंधकाच्या दोन वेगळ्या रेषा उमटल्या! म्हणजे अणू कोणता एवढंच नव्हे, तो कोणाच्या संगतीत आहे हेही कळू लागलं. काई यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

बॅटरीवाल्यांना याची गरज पडली ती वेगळ्याच कारणानं. लिथियमला टेकलेला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतला द्रव, फुटतो आणि पृष्ठभागावर पातळ साय धरते. ती आयनांना वाट देते, इलेक्ट्रॉनांना अडवते. १९७९ मध्ये इस्रायलच्या इमॅन्युएल पेलेड यांनी तिची मांडणी केली. एक्सपीएसची नजर पोचते जेमतेम दहा नॅनोमीटर, त्यामुळे या सायीसाठी ती नेमकी. मात्र यंत्रात कडक निर्वात पोकळी लागते, द्रव तिथं उडून जातो. म्हणून होतो तो पंचनामाच : आर्गॉनच्या पेटीत सेल उघडायचा, इलेक्ट्रोड धुवायचा, सुकवायचा, मग मागे काय उरलं ते पाहायचं. फ्लोरिनची रेषा ६८५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आली तर लिथियम फ्लोराइड. दोन-तीनने वर सरकली तर बहुधा इलेक्ट्रोलाइटमधलं न फुटलेलं मीठ. धुताना सायीचाच काही भाग विरघळतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. खुद्द द्रवावर हे तंत्र चालवण्याची सुरुवात १९७३ मध्ये झाली, फॉर्मामाइडच्या बारीक धारेवर. करणारे काई आणि त्यांचा मुलगा हान्स. तिसरी पिढी!

आपल्याकडची वाट लिथियमपेक्षा सुपरकपॅसिटरवरून जास्त गेली. स्टीलच्या पट्टीवर केमिकल बाथमधून निकेल किंवा कोबाल्टच्या संयुगाचा थर चढवायचा आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज करायचा. आधी आणि नंतर एक्सपीएस घेतला की निकेलची अवस्था किती बदलली ते दिसतं. यंत्र महागडं, म्हणून पट्ट्या बाहेरगावी जायच्या. पुढं कोल्हापूरची पोरंच पोस्टडॉकला मोठ्या संख्येनं कोरियात गेली, तेव्हा कधी तिकडंही.

पाकिटातून प्रवास केलेल्या पट्टीवर हवेतला कार्बन बसतोच. अनेक जण त्याचीच रेषा २८४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला धरून बाकीचं मोजमाप लावतात. लिंशोपिंगच्या संशोधकांनी या सवयीवर कडक टीका केली आहे, आणि मला ती पटते. तेव्हा सातारा-सांगलीच्या पोरांनो, पेपरात रेषा छापाल तेव्हा पट्टी कशानं धुतली, हवेत किती वेळ होती आणि शून्य कुठं धरलं, एवढं तरी लिहाच.